गावपुढाऱ्यांना किशोरवयीन मुलींच्या हक्कांचं प्रशिक्षण: बोलवायचं कोणाला आणि शिकवायचं काय?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहिते आहे, पण वेळ काढून वाचा.

आम्ही नाशिकच्या सहा मैत्रिणी. दोघी निवृत्त शिक्षिका, एक परिचारिका, बाकीच्या नोकरदार. तीन वर्षांपासून दर शनिवारी पेठ तालुक्यातल्या दोन गावांत मुलींसाठी वाचनालय चालवतो. पत्र्याची पेटी, सव्वादोनशे पुस्तकं आणि समाजमंदिराची ओसरी, एवढाच पसारा. या वैशाखात एका मुलीचा धाकटा भाऊ तिचं पुस्तक परत द्यायला आला. "ताई सासरी गेली," म्हणाला. दहावीची परीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. निकालात तिला 71 टक्के पडले. तेव्हा ती सटाण्याकडच्या एका मळ्यात नवऱ्याबरोबर कामाला होती.

त्या लग्नाला सरपंचताई होत्या, पोलीस पाटील होते, शाळेतले गुरुजी जेवून आले. यातलं कोणीही वाईट नाही. आमची पेटी ठेवायला जागा यांनीच दिली, पावसात ती भिजली तेव्हा यांनीच आत नेली. पण "हे लग्न आत्ता नको" एवढं बोलायला कोणाची जीभ उचलली नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की मुलींशी बोलतोच आहोत, आता गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांना तयार करायला हवं. मुलींचं शिक्षण, आरोग्य, लग्नाचं वय, वाटेवरची सुरक्षितता यांसाठी त्यांनी बोलावं, भांडावं. दिवाळीनंतर तीस जणांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवायचा विचार आहे. कोणाला बोलवावं? काय शिकवावं? ज्यांनी असं काही केलंय किंवा भोगलंय त्यांनी लिहा.

दिंडोरीचा_बागायतदार

ताई, पहिली गोष्ट, दिवाळीनंतर ठेवू नका. पेठ-सुरगाण्याची अर्धी गावं तेव्हा आमच्या द्राक्षबागांत असतात. गोडी छाटणी झाली की विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), पार माल निघेपर्यंत. गावात म्हातारी माणसं आणि कुत्री. भाताची लावणी उरकली की श्रावणात ठेवा, माणूस घरी सापडेल.

दुसरी गोष्ट, तुम्ही सरपंच, पाटील, गुरुजी म्हणालात, त्यात मुकादम नाही. आमच्याकडे टोळी आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो. कुटुंबात हात जितके जास्त तितकी उचल जास्त. पोरगी तेरा-चौदाची झाली की तिचा हात मोजला जातो, कारण घड विरळायला बारीक बोटं चांगली. जोडपं म्हणून आले तर एकाच खोलीत सोय होते, म्हणून हंगामाआधी लग्नं उरकतात. हे मी माझ्या बागेत बघितलंय. काही वर्षं मीही काही विचारलं नाही, मजूर मिळतायत यातच समाधान मानलं. त्याचं वाईट वाटतं. चौदाच्या आतल्या मुलांना कामाला लावणं हा सरळ गुन्हा आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीपासून अठराच्या आतल्यांना धोक्याच्या कामात लावणंही. औषधाच्या फवाऱ्यातल्या बागेत तर चौदाची काय आणि सतराची काय, कोणतीच पोर नको.

मुकादमाला बोलवा. मलाही बोलवा, मी येतो.

वाचनवेडी_पंचवटी

फार गरजेचा विषय. वाचते आहे. (पेटीसाठी पुस्तकं हवी असतील तर सांगा, माझ्याकडे चाळीसेक आहेत.)

आशा_त्र्यंबक

मी आशा म्हणून काम करते. एक रात्र सांगते.

मागच्या वर्षी रात्री नऊला एका मुलीचा फोन आला, आवाज दबका. "ताई, माझ्या मैत्रिणीला उद्या हळद आहे. पत्रिकेत साखरपुडा छापलाय." आमच्याकडं साखरपुडा म्हणून जमतात आणि त्यातच अक्षता टाकून मोकळे होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी अंगणवाडीताईंना घेतलं. ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याला राहतात, ते म्हणाले सकाळी येतो. पोलीस पाटलांच्या दारात गेलो तर म्हणाले, "माझीच भावकी आहे, मी कुठल्या तोंडानं येऊ?" शेवटी आले, पण बॅटरी घेऊन अंगणाबाहेर उभे राहिले.

आत आजी जात्यावर हळद दळत होती. मुलगी चुलीपाशी भाकरी थापत होती, मान वर करेना. मी बापाला कायदा सांगितला. तो म्हणाला, "टाका मला आत." याला काय उत्तर द्यायचं ते मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

अंगणवाडीताई आजीशेजारी बसल्या, जात्याच्या खुंट्याला हात लावला आणि विचारलं, "आजी, तुमचं पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी?" जातं थांबलं. आजी म्हणाली, "दोन गेली. मग हा." बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग बाप म्हणाला, "मांडववाल्याला आठ हजार दिलेत."

तिथं मला कळलं की आता बोलता येईल. आणि पाटील बाहेरून म्हणाले, "मांडववाला माझ्या शब्दाबाहेर नाही. पैसे मी परत आणतो." त्या रात्रीचं त्यांचं ते पहिलंच वाक्य. लग्न त्या वाक्यानं थांबलं. मुलगी आता बारावीला आहे.

म्हणून माझं म्हणणं, पाटलांना आधी कलमं नका शिकवू. भावकीत "नको" कसं म्हणायचं ते शिकवा. आणि तुमच्या यादीत मांडववाला घ्या, पत्रिका छापणारा घ्या, स्वयंपाकी घ्या. लग्न ठरल्याचं गावात सगळ्यात आधी त्यांना कळतं.

ॲड_नाशिकरोड

आशाताई, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. तुमच्या म्हणण्याला हात जोडून एक पुरवणी जोडते. कलमं नंतर शिकवा, पण शिकवा. कारण अर्धवट माहितीने पुढारी घाबरतात आणि घाबरलेला माणूस गप्प बसतो.

2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीचं वय 18 आणि मुलाचं 21. अल्पवयीन मुलीशी लग्न करणारा प्रौढ पुरुष, लग्न लावणारे, जुळवणारे, मान्यता देणारे, इतकंच काय हजर राहणारेही यात येतात. 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मात्र बाईला या कायद्याखाली तुरुंगवास होत नाही. आईला "तुला आत टाकतील" म्हणून धमकावणारे कार्यकर्ते मी बघितले आहेत. ते चूक आहे आणि खोटंही आहे.

आपल्या राज्यात खेड्यात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय). लग्न व्हायच्या आधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाईहुकूम आणता येतो आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. एरवी झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलगी ते जिल्हा न्यायालयात रद्द करून घेऊ शकते, सज्ञान झाल्यावर 2 वर्षांच्या आत. दुसरं लग्न होईपर्यंत पोटगीही मागू शकते. गोदाकाठचीताई, तुमच्या वाचनालयातल्या त्या मुलीपर्यंत हे कोणीतरी पोचवा. तिची वाट अजून बंद झालेली नाही.

वयाचा पुरावा म्हणून आधार पुरेसं धरू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला उतारा काढा. हे काम गुरुजी पाच मिनिटांत करू शकतात, म्हणून गुरुजी यादीत हवेतच.

सिन्नरचे_काका

सगळं वाचलं. मला दोन मुली आहेत, दोघींना शिकवलं, त्यामुळे मी विरोधात आहे असं समजू नका. पण एक बाजू राहून जाते आहे.

ज्या बापाची पोर चार-पाच किलोमीटर चालत शाळेला जाते, वाटेत टवाळ पोरं गाडी आडवी घालतात आणि तो स्वतः दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात असतो, त्याला रात्री काय वाटत असेल? उद्या काही झालं, किंवा पोर कोणाबरोबर निघून गेली, तर गाव त्याला जगू देत नाही. लग्न हा त्याने त्या भीतीवर शोधलेला उपाय आहे. चुकीचा आहे, मान्य. पण भीती तशीच ठेवून तुम्ही फक्त लग्न थांबवलंत, तर तो पोरीला घरात बसवेल. शाळाही जाईल. मग हक्काचं प्रशिक्षण घेतलेला पुढारी त्याला काय सांगणार?

नाशिकची_मिसळ

काकांचा प्रश्न बरोबर आहे. सरकारी योजना समजावून सांगाव्यात ना. लेक लाडकीमध्ये मुलगी 18 ची झाली की 75 हजार मिळतात. बापाला तेवढा तरी आधार.

ॲड_नाशिकरोड

@मिसळ, ती योजना 1 एप्रिल 2023 नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. आज चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला त्यातलं काही मिळत नाही, आणि पुढाऱ्याने सभेत हे चुकीचं सांगितलं तर लोक त्याचं पुढचं काहीच ऐकणार नाहीत. तिला आज उपयोगी आहे तो बारावीपर्यंतचा मोफत एसटी पास, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, आणि 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत 2024-25 पासून मिळालेली फीमाफी.

पेठची_लेक

सिन्नरचे काका, माझे बाबाही अगदी हेच म्हणायचे. मी आता नाशिकला नर्सिंगला आहे, त्यामुळे लिहिते.

आठवीत असताना ओढ्याच्या वळणावर दोन मुलं रोज उभी असायची. मी घरी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या मुलांना कोणी काही बोललं नसतं, माझी शाळा बंद झाली असती. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुलींना हे माहीत होतं. म्हणून आम्ही सहा जणी एकमेकींसाठी थांबायचो आणि एकत्र जायचो. एखादीला पाळी आली की ती घरी राहायची, कारण शाळेतल्या संडासाला कडी नव्हती. ती नसली की बाकीच्यांनाही त्या वळणावरून जायला धीर व्हायचा नाही. कडी नाही म्हणून सहा मुलींची शाळा बुडायची.

गावात एकदा मुलींच्या प्रश्नावर सभा झाली होती. माइक, हार, नारळ सगळं. आम्हाला स्वागतगीत म्हणायला उभं केलं आणि मग बाहेर पाठवलं. आत काय बोलले ते आम्हाला कळलं नाही. कडीचं कोणी विचारलं नाही.

नंतर शाळेच्या मुलींसाठीची मानव विकासची निळी बस सुरू झाली आणि वळणाचा प्रश्न संपला. बाबांची भीतीही त्याच महिन्यात निम्मी झाली. भाषणानं ती कमी झाली नव्हती. काका, भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय मुलींना विचारला तर त्या सांगतात.

माजी_सरपंच_येवला

पेठच्या लेकीनं डोळ्यांत पाणी आणलं.

मी महिला राखीव जागेवर निवडून आले. 2011 पासून आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पहिल्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा हे सोबत आले होते. नोंदवहीत सही मी केली आणि पुढच्या रांगेत हे बसले. आम्ही अकरा सरपंच बायका मागे, आमचे अकरा नवरे पुढे. दोन दिवसांत मी फक्त जेवण कसं होतं एवढंच सांगू शकले असते.

दुसरं प्रशिक्षण वेगळं होतं. तिथल्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं, ज्यांचं नाव यादीत आहे तेवढेच आत थांबतील. मग एका खुर्चीवर त्यांनी पिशवी ठेवली आणि म्हणाल्या, हे तुमचे उपसरपंच आहेत, ते म्हणतायत की मुलींसाठी पैसे नाहीत, बोला. पहिल्यांदा आवाज फुटेना. पाचव्यांदा मी त्या पिशवीला सांगितलं, "पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणाचे आहेत, मागच्या वर्षी ते कशावर गेले ते वही काढून दाखवा." महिन्याभरानं खऱ्या सभेत तेच वाक्य तसंच्या तसं बोलले. वही निघाली. पैसे सतरंज्या आणि भांड्यांवर गेले होते. त्या वर्षी शाळेत मुलींचा संडास दुरुस्त झाला, कडीसकट.

आणखी एक. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते. मी ती खरी घेतली आणि त्यात नववी ते बारावीच्या मुलींना बसवलं. त्यांना मत नाही, पण तोंड आहे. गावभर त्यांच्यासोबत चालले, कुठं अंधार असतो, कुठं कोण बसतं, कुठल्या हातपंपावर जायला नको वाटतं, सगळं त्यांनी दाखवलं. वीस वर्षं त्या गावात नांदले होते, पण दोन जागा मला माहीतच नव्हत्या.

मालेगावचा_शिक्षक

आमच्याकडचंही सांगतो. यंत्रमागाच्या वस्तीत शिकवतो. मुलगी दहावीच्या आत गळाली की समजायचं, निकाह ठरला. आम्ही शिक्षक दारोदार फिरायचो, लोक चहा पाजून परत पाठवायचे. मग एका काझीसाहेबांकडे गेलो. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "माझ्याकडे वयाचा कागद कोणी आणतच नाही, मी मागतही नाही. आता मागेन." त्यांनी कागद मागायला सुरुवात केल्यावर आमच्या मोहल्ल्यातले तीन निकाह पुढे गेले. दूरच्या वस्तीत जाऊन उरकलेलेही असतील, नाही म्हणत नाही. पण धर्माचं काम करणाऱ्यांना, मग ते काझी असोत, भटजी असोत की भगत, वगळू नका.

सह्याद्री_भटक्या

थोडं बाहेरचं उदाहरण देतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात थेरेसा काचिंदामोटो नावाच्या परंपरागत प्रमुख होत्या, आपल्या भाषेत अनेक गावांच्या मुख्य पाटलीण म्हणा. 2015 मध्ये तिथे लग्नाचं वय 18 करणारा कायदा झाला. या बाईंनी आपल्या हाताखालच्या गावप्रमुखांकडून लेखी करार करून घेतला की बालविवाह लावणार नाही, आणि ज्यांनी मोडला त्यांना पदावरून दूर केलं. पुन्हा घेतलं ते त्यांनी ती लग्नं रद्द केल्यावरच. शेकडो लग्नं मोडली आणि मुली शाळेत परत आणल्या.

आपल्याकडेही गावाच्या ठरावात ताकद आहे. 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. एका गावाने केलं म्हणून बाकीच्यांना तोंड फुटलं.

सिन्नरचे_काका

ठराव बरेच पाहिलेत हो भटक्या. फलकावर रंगवतात आणि त्याच फलकाखाली मांडव पडतो. तीन महिन्यांनी परत जाऊन कोण विचारणार, हे आधी ठरवा. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र वाटलं, फोटो काढला, संपलं, असं होऊ नये.

आणि पेठच्या लेकी, तू ते ओढ्याचं लिहिलंस ना, ते वाचून मी काल धाकटीला फोन केला. विचारलं, तुला शाळेत असताना कधी असं झालं होतं का. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाबा, आत्ता विचारताय?" आता तिचं वय 26 आहे.

आशा_त्र्यंबक

काका, विचारलंत हे तिच्यासाठी खूप आहे.

तीन महिन्यांचं म्हणाल तर, आमच्या पाटलांना त्या रात्रीनंतर भावकीनं दोन महिने वाळीत टाकल्यासारखं केलं. लग्नाचं आवतण नाही, पिठाच्या गिरणीवर कोणी बोलेना. मी आणि अंगणवाडीताई दर आठवड्याला त्यांच्या घरी नुसतं चहाला जायचो. अशा माणसाच्या पाठीशी कोण उभं राहणार ते प्रशिक्षणाच्या शेवटच्या तासात ठरवूनच उठा. सरपंच अध्यक्ष असलेली ग्राम बालसंरक्षण समिती गावोगावी कागदावर आहे, ती तिथंच जागी करा. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये तिथं बसूनच घाला.

गोदाकाठची

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवलं. बेत पुष्कळ बदलला आहे.

तीस जणांऐवजी त्याच दोन गावांतले चौदा-पंधरा जण घेतो आहोत. सरपंचताई, पोलीस पाटील, गुरुजी, आशा, अंगणवाडीताई, ग्रामसेवक भाऊसाहेब, भगतबाबा, दोन मुकादम, मांडववाले, आणि ज्यांचं घरात चालतं अशा तीन आज्या. नवऱ्यांना बाहेर चहा. दोन दिवस सलग न ठेवता श्रावणात एक दिवस, मग महिन्याने एक, मग दिवाळीआधी एक, म्हणजे मधल्या काळात काय केलं ते विचारता येईल. पहिल्या दिवशी सकाळी मुली या सगळ्यांना गाव फिरवून दाखवतील. दुपारी जोड्या करून बोलायचा सराव, "टाका मला आत" पासून सुरुवात. कलमं ॲडव्होकेटताई शेवटच्या तासाला सांगणार आहेत, त्यांनी फोनवर होकार दिलाय. बागायतदारदादा, तुम्ही मुकादमांशी बोलायला याच.

आणि त्या मुलीला मी रविवारी भेटून आले. मळ्यात, कांद्याच्या चाळीपाशी. सासू समोर होती म्हणून फार बोलता आलं नाही. अकरावीचा प्रवेश अजून मिळेल का, एवढंच तिने विचारलं. मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय आपल्या नाशिकलाच आहे, तिथे तिच्यासाठी काय सोय होईल ते उद्या जाऊन बघते. तिला दुसरं पुस्तक दिलं. सासूनेही हातात घेऊन चाळलं.

पेठची_लेक

मी पण येते, त्या दिवशी सुट्टी टाकते. ताई, कार्यक्रम किती वाजता संपवणार? वरच्या पाड्यावरच्या मुलींना साडेचारची बस पकडायला लागते. ती चुकली तर अंधारात चालत जायचं, आणि मग पुढच्या वेळी घरून सोडणार नाहीत.

गोदाकाठची

पाचपर्यंत ठेवला होता. साडेतीनला संपवते.

दिंडोरीचा_बागायतदार

माझी पिकअप आहे, तरी मुलींना बसनेच जाऊ द्या. पिकअप मी आज्यांसाठी आणतो.